परसाचं म्हणणं

परसाला मी कधीच फारसा आवडलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी दिसलो की ती पोतं डोक्यावर ओढून घ्यायची. मी चार पावलं मागे सरलो की पोत्याची कड उचलून बघायची, गेला का हा. अजून उभा असलो तर पोतं पुन्हा खाली. कमलबाई झाडू टेकवून हसायच्या. "तुमचं तोंड पाहूनच तिले धडकी भरते भाऊ. जरा हासत येत जा."

हसत कसा येणार? मी गाईम्हशींचा माणूस. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी सिंदेवाहीच्या बाजूच्या खेड्यांत गेली. लसी टोचायच्या, शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, अडलेली गाय सोडवायची. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणून साहेबांनी दया दाखवली आणि मला चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावरच्या एका लहानशा प्राणिसंग्रहालयात पाठवलं. तिथे थोडी चितळं, दोन अस्वलं आणि एक दात पडलेला बिबट्या. "आरामाची जागा आहे," साहेब म्हणाले होते. मी रुजू झालो आणि महिन्याभरात ही आली. ओरांगउटान. मला तो शब्दसुद्धा धड म्हणता येत नव्हता.

सिरोंच्याच्या बाजूला नाक्यावर टरबुजांची गाडी अडवली, तेव्हा मालाखाली एक पिंजरा सापडला आणि त्यात ही. गाडीवाले पळाले, पुढे धरले गेले, कोर्टात केस उभी राहिली. केस चालू असेपर्यंत हिला जवळच्या सरकारी जागेत ठेवायचं ठरलं, आणि जवळची जागा म्हणजे आम्ही. कागदावर तिचं नाव एकच होतं, मुद्देमाल. चोरीची मोटरसायकल मुद्देमाल, गांजाची पोती मुद्देमाल, आणि आमच्या पिंजऱ्यात दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून बसलेली ही पाच-सहा वर्षांची पोरही मुद्देमाल.

चंद्रपूरहून येणाऱ्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "ही जात सात-आठ वर्षं आईला सोडत नाही," ते म्हणाले. "हिची आई बहुतेक मारली असेल, त्याशिवाय पिल्लू हाती लागत नाही. इथे ही एकटी राहिली तर एक दिवस खाणं सोडेल. एकदा सोडलं की आपल्या हातात काही नाही. हिच्यासारखं दुसरं कुणी असेल तिथे हिला पोचवायचं. तोवर जगवायची."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

"कोर्ट सांगेल तेव्हा."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सकाळी उठलो की पहिला प्रश्न, खाल्लं का? बायको म्हणायची, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या जेवणाची चौकशी कधी केली नाही."

परसाला नाव दिलं कमलबाईंनी. पळसाला आमच्याकडे परसा म्हणतात. फाल्गुनात इथलं रान पेटल्यासारखं दिसतं तो रंग हिच्या अंगावर होता. कमलबाई तिथे रोजंदारीवर होत्या. पन्नाशीच्या, अंगाने काटक, बोलायला लागल्या की कुणाला पुढे जाऊ न देणाऱ्या. घरात बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा घ्यायच्या नाहीत आणि चहा झाल्याशिवाय कुणाशी धड बोलायच्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, ओरांगउटान हा परदेशातला शब्द, त्याचा अर्थ जंगलातला माणूस. कमलबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हंजे झाडीतली बाई. मंग परदेशातली काऊन? आपलीच हाय थे." नागपूरकडचे लोक आम्हाला झाडीचे म्हणून हिणवतात, ते कमलबाईंना चांगलंच माहीत होतं. त्या शब्दावर त्यांनी परसाला जे आपलं म्हटलं, ते म्हटलंच.

पहिले काही दिवस परसाने काही खाल्लं नाही. केळी, पपई, संत्री सगळं पुढे ठेवलं. ती वास घ्यायची आणि ठेवून द्यायची. मी डॉक्टरांना दिवसातून इतक्यांदा फोन केला की ते माझं नाव बघून उचलेनासे झाले. मग एका दुपारी कमलबाई स्वतःचा डबा घेऊन जाळीशी बसल्या. परसाने केळं उचललं, सोललं, आणि जाळीतून लांब हात काढून त्यांच्या तोंडापुढे धरलं.

"मले देऊन राह्यली," कमलबाई म्हणाल्या.

त्यांनी एक घास खाल्ला. परसा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी गिळला. ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग उरलेलं केळं तिने खाल्लं, आणि त्यानंतर समोरची सगळी केळी. मला वाटलं, काय ही माया! डॉक्टर म्हणाले, माया नाही, खात्री. गाडीत तिला गुंगीचं काहीतरी खायला घातलं असणार. तेव्हापासून हा नियमच झाला. पहिला घास कमलबाईंचा, मग परसाचा. कमलबाईंना पपई आवडत नव्हती, तरी वर्षभर खावी लागली. "परसाचं म्हणणं असं हाय," त्या म्हणायच्या, "का तुम्ही मेले नाई त मी खातो."

परसाचं म्हणणं, हे त्यांचं पालुपद. परसाचं म्हणणं असं हाय का आज पाणी गरम हाय. परसाचं म्हणणं असं हाय का नव्या वॉचमनले मिशी शोभत नाई. यात परसाचं किती आणि कमलबाईंचं किती, हे कुणी विचारायच्या भानगडीत पडत नसे. मिशी मात्र वॉचमनने काढून टाकली.

परसाचं खरंखुरं म्हणणंही असायचं. राग आला की ती ओठ पुढे काढून 'मुच्च' असा आवाज करायची. आता हा आवाज ऐकून माणसाला काय वाटणार? लग्न ठरलेली जोडपी रविवारी यायची. परसा त्यांच्याकडे बघून मुच्च करायची आणि पोरी लाजून चूर व्हायच्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, गर्दी वाढली, पापी देणारी माकडीण म्हणून अहेरी-आलापल्लीपासून माणसं यायला लागली. कमलबाई घसा कोरडा करून सांगायच्या, "पापी नाई वो बाई, शिवी देऊन राह्यली थे! सरका तिकडं!" लोक आणखी हसायचे, परसा आणखी मुच्च करायची, आणि मी मागे उभा राहून विचार करायचो, एवढ्या रागाने हिचं खाणं सुटलं तर?

कमलबाईंचं बघून ती कामही शिकली. पोतं हौदात बुडवायचं, दगडावर आपटायचं, पिळायचं, वाळत घालायचं. पिळणं तिला त्यांच्यापेक्षा चांगलं जमायचं. एकदा कमलबाईंचं धुतलेलं लुगडं जाळीजवळच्या तारेवर होतं, तेही तिने आत ओढून पुन्हा धुतलं. बाहेर आलं ते दोन लुगडी होऊन. कमलबाईंनी तिच्याशी दिवसभर अबोला धरला. परसा संध्याकाळपर्यंत जाळीला पाठ लावून बसली आणि मधूनमधून हात मागे काढून त्यांच्या पदराला लावायची. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. या पोरीचं सगळं जग एका बाईच्या पदराला बांधलेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते ते हेच. उद्या कमलबाई तापाने आडव्या पडल्या तर?

आमचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल. चंद्रपूरच्या उन्हात डांबर मऊ पडतं. ओल्या जंगलातल्या या जिवाचं काय होणार, या काळजीने मी वाळ्याच्या ताट्या लावल्या, फवारे लावले, कूलर मागितला. कूलर येईपर्यंत घरचा आणला. बायको माहेरी निघून गेली, लग्नासाठी गेली होती, पण ऑफिसात कूलरवरूनच गेली असं झालं. परसा सागाची मोठी पानं डोक्यावर धरून कूलरसमोर बसायची. बाजारातल्या बाया टेंभरं आणून द्यायच्या, ती पिवळी फळं तिला फार आवडायची. बिया ती एकेक करून माझ्या दिशेने थुंकायची.

त्या उन्हाळ्यातच कोर्टाचा हुकूम आला. दूरच्या राज्यात एक मोठं प्राणिसंग्रहालय होतं, तिथे एक म्हातारी ओरांगउटान एकटी होती. परसाला तिथे पाठवायचं, ऊन उतरलं की. मला वाटलं, सुटलो. आता फक्त महिना-दीड महिना सांभाळायची. आणि नेमकं तेव्हाच मारोतीचं प्रकरण झालं.

आमच्याकडे मारुतीला मारोती म्हणतात आणि गावागावांत त्याची शेंदूर फासलेली मूर्ती असते. परसाचा रंग तोच. आल्यापासून गावांत कुजबूज होतीच, शेंदरी अंगाचं वानर आलं, आपोआप आलं, टरबुजाच्या गाडीतून निघालं. शनिवारी कुणी ना कुणी नारळ घेऊन यायचं. कमलबाई फाटकातच अडवायच्या. "मारोती नाई हाय बावा. बाई हाय थे. अन् नारळ फोडाचा त बाहेर फोडा, करवंटी लागन तिले." लोक बाहेर फोडायचे, लांबून हात जोडायचे, जायचे.

सखारामभाऊ सिंदेवाहीकडचे धानाचे शेतकरी, साठी ओलांडलेले, माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांच्या गाईंना मी लसी टोचल्या होत्या. सुनेची दोन बाळंतपणं फुकट गेली होती, तिसऱ्या वेळी त्यांनी नवस बोलला आणि नातू झाला. नवस मारोतीचा. आणि गावातल्या दगडाच्या मारोतीपेक्षा जिवंत मारोती बरा, असं त्यांच्या मनाने घेतलं. शनिवारी दुपारी कमलबाई हात धुवायला गेल्या तेवढ्यात त्यांनी खाणं सरकवायच्या फटीतून आपल्या हाताने ओवलेला हार आत सोडला. मारोतीला वाहतात तोच, रुईच्या पानांचा.

रुईचा चीक किती वाईट, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पान तोडल्यावर हात धुतल्याशिवाय आई डोळ्याला हात लावू देत नाही. सखारामभाऊंनाही ते ठाऊक होतं. हार घालतात, खात नाहीत, एवढाच त्यांचा हिशेब होता. देवाने आजवर कुठे हार खाल्ला होता?

परसाने तो आधी गळ्यात घातला, मग डोक्यावर घेतला. सखारामभाऊंच्या डोळ्यांना धार लागली. मग तिने एक पान तोडून तोंडात घातलं आणि चावलं.

कमलबाईंची हाक मी ऑफिसात ऐकली. पोचलो तेव्हा परसा तोंड पुसत होती, लाळ थांबत नव्हती. अर्धा हार गेला होता. डॉक्टरांना फोन केला. ते निघाले, पण चंद्रपूरहून येईपर्यंत कोळशाची औषधी भुकटी पाण्यात कालवून पाजा म्हणाले, विष शोषून घेते. "या पानांनी हृदय मंदावतं. लवकर पाजा." भुकटी आमच्याकडे होती, चितळांसाठी. काळंकुट्ट पाणी तयार केलं आणि कमलबाईंनी वाटी जाळीतून पुढे केली.

परसाने वाटी घेतली, वास घेतला, आणि कमलबाईंच्या तोंडापुढे धरली.

कमलबाईंनी घोट घेतला. परसाने बघितलं, वाटी पुन्हा त्यांच्यापुढे. दुसरा घोट. परसाच्या पोटात कळ येत होती, ती वाकत होती, पण वाटी पुढे करायची सोडत नव्हती. आणि मग तिने वाटी माझ्याकडे वळवली. तोवर माझ्या हातून तिने काही घेतलं नव्हतं, मला काही दिलंही नव्हतं. घाईत निम्मं अंगावर सांडलं. प्यालो. दात, ओठ, सदरा सगळं काळं. परसाने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, जणू पहिल्यांदाच. मग वाटी तोंडाला लावली आणि रिकामी केली.

डॉक्टर आले, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी ती नुसती पडून होती. तिसऱ्या दिवशीही. सागाच्या डहाळ्या आत टाकल्या होत्या. एरवी रोज संध्याकाळी ती त्यांचं अंथरूण करायची. आता त्या तशाच सुकत होत्या. डॉक्टर म्हणाले, विष उतरलं आहे, आता सगळं तिच्या खाण्यावर. म्हणजे परत तेच. मी गोळी घेतली की नाही ते आठवेना म्हणून दोनदा घेतली.

सखारामभाऊ घरी गेलेच नव्हते. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून होते. कमलबाईंनी पहिल्या दिवशी त्यांना जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या डब्यातली भाकर नेऊन दिली. म्हातारा हात लावेना.

"मारोती जेवला काय बाई?"

"मारोती नाई. परसा. नाई जेवली अजून."

"मंग मी काऊन जेवू?"

"तुम्ही उपाशी राह्यल्यानं तिच्या पोटात जाते काय?" कमलबाई चिडल्या. "का गा, नातवाचं तोंड तरी पाह्यलं का धड? हारच ओवत बसले!"

म्हातारा ढसाढसा रडायला लागला. "माह्या हातानं मेला त मी कुठी तोंड दाखवू बाई? नातवाले काय सांगू, तुह्यासाठी देव मारला म्हनून?" कमलबाईंना काय सुचलं कोण जाणे, त्या त्यांना दंडाला धरून आत घेऊन आल्या आणि जाळीशी बसवलं. मी हे नियमात बसत नाही म्हणायला तोंड उघडलं. कमलबाईंनी माझ्याकडे फक्त बघितलं.

त्यांनी भाकरीचे तुकडे केले. एक स्वतः खाल्ला, एक सखारामभाऊंच्या हातात दिला. "खा. थे पाहून राह्यली." परसा खरंच पडल्या पडल्या बघत होती. म्हाताऱ्याने रडत रडत तुकडा चावला, कसाबसा गिळला. परसा त्यांच्याकडे बघत राहिली. मग सरपटत आली आणि जाळीतून हात काढला, तळवा वर करून. कमलबाईंनी त्यावर एक तुकडा ठेवला, तो तिने खाल्ला. मारोतीला काहीही चालत असेल, पण ज्वारीची भाकर परसाच्या आहारात नव्हती. डॉक्टरांना मी नंतर सांगितलं.

त्यानंतर ती सावरली. सखारामभाऊ पुढच्या शनिवारी आले ते नातवाला घेऊन, हाती टेंभरांची पिशवी, आणि फाटकात कमलबाईंना विचारून.

पाऊस पडून गारवा आल्यावर तिला नेणारी गाडी आली. कमलबाईंनी तिला आधीपासून नेण्याच्या पेटीत बसायची सवय लावली होती, त्यामुळे ती आपणहून आत गेली. दार लागलं तेव्हा तिने ओरडा केला नाही, फक्त हवेसाठीच्या भोकातून बोटं बाहेर काढली. कमलबाईंनी ती धरली. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून थांबला. "मले काय पाह्यतं," त्या तिला म्हणाल्या, "तिथी तुह्यी मानसं हायेत." आणि बोटं सोडवली. मी रडलो. त्या झाडायला गेल्या.

तिकडून बातम्या काही चांगल्या येईनात. परसा कोपऱ्यात बसते, म्हातारीकडे बघत नाही, थोडंच खाते. मग एका सकाळी तिथल्या माणसाचा फोन आला. जरा बरी आहे, म्हातारीजवळ जाऊन बसली, बघायची का? माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लागला. मी आणि कमलबाई डोकी जुळवून बघू लागलो. परसा वाळली होती. तिच्यामागे एक प्रचंड, केस विरळ झालेली म्हातारी बसली होती आणि तिने हाताने फळ पुढे केलं होतं.

कमलबाईंना राहवलं नाही. "परसा! काऊन वो, जेवली काय?"

परसाने झटकन मान वर केली. तिकडचा माणूस फोन जाळीपुढे धरून होता. ती पडद्यावर कमलबाईंचं तोंड बघत राहिली, मग मान वाकडी करून फोनच्या मागे बघितलं. तिथे तो माणूस होता. तिने पुन्हा पुढून बघितलं, पुन्हा मागून. मग जाळीच्या कडेकडेने पळत गेली, तिथून बघितलं. म्हातारीचा हात मागे तसाच पुढे होता, फळ घेऊन.

"बंद करा भाऊ," कमलबाई म्हणाल्या.

"अहो, बोला ना तिच्याशी. किती दिवसांनी..."

"थे म्हातारी तिले पह्यला घास देऊन राह्यली, अन् हे मले शोधून राह्यली. बंद करा म्हनलं ना."

मी बंद केला. त्यांनी मला बजावलं, यापुढे फोन लावायचा नाही, तिकडच्यांनी लावला तरी कमलबाईंचा आवाज परसाला ऐकू द्यायचा नाही, नुसतं खाल्लं का विचारायचं. खाल्लं, असं आठवड्याने कळलं. म्हातारीच्या हातचं खाल्लं. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. त्या अस्वलांचं पाणी बदलत होत्या, मान डोलावली आणि बदलत राहिल्या.

मी विचारलं, "पण तुम्हाला तिची आठवण आली तर?"

"मले येऊ द्या ना," त्या म्हणाल्या. "मी थोडीच जेवन सोडनार हावो."